‘आपले’ मतदार आणि उरलेले सगळे

१५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. त्याच्या आधी आणि नंतरही एक आक्षेप इतक्या वेळा कानांवर आला की त्याला सविस्तर उत्तर देणं मला भाग वाटतं. शहराशहरांत काही बिगरपक्षीय नागरिक गट काम करतात. ते मतदारयाद्या तपासतात, राहिलेली नावं नोंदवून देतात, उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांतला मजकूर सोप्या मराठीत आणून घरोघरी वाटतात, सगळ्या उमेदवारांना एका मंचावर बोलावून प्रश्न विचारतात. आक्षेप असा की हा सगळा खटाटोप निरर्थक आहे. मतदाराला जागं करणं आणि केंद्रापर्यंत आणणं हे पक्षांचं काम आहे, ते पक्ष करतातच, आणि ज्याला या कामात पडायचंय त्यानं सरळ एखाद्या पक्षाचा झेंडा हाती घ्यावा.

हे म्हणणारे दोन प्रकारचे लोक आहेत. पहिला पक्षाचा कार्यकर्ता. तो म्हणतो, ड्रेनेज तुंबलं तर आम्ही धावतो, रात्री दोन वाजता दवाखान्यात खाट मिळवून देतो, दहाव्याला आम्ही असतो आणि बारशालाही आम्हीच. हे लोक मात्र निवडणूक आली की पत्रकं घेऊन उगवतात. दुसरा विचारांनी बांधलेला मित्र. त्याचा मुद्दा अधिक खोल आहे. तो म्हणतो, तटस्थ असं काही नसतंच. तटस्थता हीसुद्धा एक बाजू असते आणि ती बहुधा सत्तेवर असलेल्याच्या पथ्यावर पडते. ‘राजकारण घाणेरडं, आम्ही त्यापासून दूर’ या मध्यमवर्गीय समजुतीला हे गट प्रतिष्ठा मिळवून देतात.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. रात्री दोनला धावणारा कार्यकर्ता खरा आहे, त्याचे उपकार नाकारणाऱ्यानं वस्तीत एक महिना राहून पाहावं. तरीही दोघांचाही निष्कर्ष चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे.

पक्ष हे काम करतातच, या दाव्यापासून सुरुवात करू. पक्षाच्या कार्यालयात मतदारयादी उघडली जाते तेव्हा तिच्यावर काय खुणा होतात, हे प्रचारात वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हा आपला, हा त्यांचा, हा कुंपणावरचा. मतदानाच्या दिवशी दुपारी बारा-एकच्या सुमाराला आढावा होतो: आपले किती उतरले, किती राहिले. राहिलेल्यांना फोन जातात, रिक्षा जातात, म्हाताऱ्या माणसाला उचलून आणायला दोन पोरं जातात. ‘त्यांच्या’ मतदाराकडे कोणी फिरकत नाही. तो घरी झोपला असेल तर झोपू द्यावा, हीच इच्छा असते. यात बेकायदा काही नाही, निवडणूक ही स्पर्धा आहे आणि स्पर्धेत प्रत्येकजण आपली माणसं जमवणारच. पण मग असं म्हणू नये की पक्ष मतदाराला जागं करतात. पक्ष आपल्या मतदाराला जागं करतात. मतदान कमी झालं तर फायदा कुणाचा, याचा हिशेब तर पक्षाच्या बैठकीत उघडपणे मांडला जातो.

सगळ्या पक्षांचे ‘आपले’ एकत्र केले तर सगळे मतदार होत असतील, असंही कुणाला वाटेल. तसं होत नाही. दोन वर्षांपूर्वी भाड्यानं राहायला आलेलं जोडपं कुणाच्याच यादीत ‘आपलं’ नसतं. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या गावात असतं. वसतिगृहातला विद्यार्थी कुणाच्या हिशेबात नसतो. झोपडपट्टी पुनर्वसनात घर पाडलं जाऊन संक्रमण शिबिरात गेलेलं कुटुंब जुन्या पत्त्यावरच राहतं, कागदोपत्री. या माणसांकडे जाण्यात पक्षाला फायद्याची खात्री नाही, म्हणून पक्ष जात नाही. ज्याला कोण जिंकतं याच्याशी देणंघेणं नाही, असंच कुणीतरी त्यांच्या दारात जाऊ शकतं. हे गट हवेत ते यासाठी, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचा आधार हाच आहे.

मतदारयादीचं उदाहरण घ्या. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत १७ एप्रिलला पुण्यात मतदान होतं. वर्षानुवर्षं मतदान करणारी माणसं ओळखपत्र हातात घेऊन केंद्रावर पोचली आणि यादीत नावच नाही. आठवड्याभरानं मुंबईत तेच झालं. उद्योगक्षेत्रातले दीपक पारेख, अभिनेते अतुल कुलकर्णी यांचीही नावं गायब होती. निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. ज्यांची नावं प्रसिद्ध आहेत त्यांच्याबद्दल बातमी आली. बाकीचे घरी परत गेले. यादीची छाननी मतदानाच्या आधी काही महिने करायची असते, प्रारूप यादी प्रसिद्ध होते तेव्हा हरकती घ्यायच्या असतात, नवीन नोंदणीसाठी अर्ज क्रमांक ६, पत्ता बदलण्यासाठी अर्ज क्रमांक ८ भरायचा असतो. हे कंटाळवाणं काम आहे. त्यात भाषण नाही, फोटो नाही. उन्हातान्हात इमारतीमागून इमारत पालथी घालणाऱ्या दोन-चार माणसांमुळे एखाद्या केंद्रावरची पन्नास नावं वाचतात, आणि ती पन्नास माणसं कुणाला मत देणार आहेत हे त्या दोन-चारांनी विचारलेलं नसतं.

२०२५ च्या अखेरीस दुबार मतदारांवरून राज्यात रान उठलं. १ नोव्हेंबरला मुंबईत विरोधी पक्षांचा मोठा मोर्चा निघाला. मुंबईच्या प्रारूप यादीत अकरा लाखांवर दुबार नोंदी निघाल्या, राज्य निवडणूक आयोगाला संशयित नावांपुढे दोन तारे छापायची पाळी आली. पक्षांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण पुढचं काम बघा. दुबार दिसणारं प्रत्येक नाव बोगस नसतं. एकाच नावाची दोन खरी माणसं असतात, घर बदललेला माणूस असतो, ज्याचा अर्ज स्वीकारला गेला पण जुनं नाव वगळलं गेलं नाही. हरकत घेताना पक्षाचा माणूस साहजिकच समोरच्याच्या मोहल्ल्यातली, समोरच्याच्या चाळीतली नावं शोधतो. यादी स्वच्छ व्हावी आणि त्याच वेळी खऱ्या मतदाराचं नावही उडू नये, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असणारा माणूस पक्षाच्या कार्यालयात सहसा सापडत नाही. त्याला तिथे ठेवलेलं नसतं.

महापालिकेच्या निवडणुकीत तर मतदान करायचं कसं, हेसुद्धा सांगावं लागतं. मुंबई सोडली तर राज्यातल्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. पुण्यात १६५ नगरसेवक ४१ प्रभागांतून निवडायचे होते; ४० प्रभाग चार सदस्यांचे, एक पाच सदस्यांचा. म्हणजे एका मतदारानं चार मतं द्यायची, अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी. लोकसभेला, विधानसभेला एक बटण दाबून बाहेर पडायची सवय झालेला माणूस इथे एक बटण दाबतो आणि निघायला लागतो. पक्ष काय शिकवतात? आमच्या चिन्हापुढची चार बटणं दाबा. चारही जागांवर वेगवेगळ्या पक्षांचे उमेदवार निवडण्याचा तुम्हाला अधिकार आहे, ‘अ’ जागेवरची बाई कामाची असेल आणि ‘ड’ जागेवरचा माणूस नको असेल तर तसं करता येतं, हे कोणता पक्ष सांगेल? त्यानं ते का सांगावं?

‘नोटा’चंही तसंच. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं हा पर्याय आला, पण लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी पुढचा उमेदवार निवडून येतो. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी वेगळा आदेश काढला: नोटा पहिला आला तर त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यायची. हा आदेश किती मतदारांना माहीत आहे? शिवाय या निवडणुकीत कितीतरी जागांवर मतदान होण्याच्या आधीच उमेदवार बिनविरोध निवडून आले. माघार घेण्याच्या दिवशी समोरच्यांनी अर्ज मागे घेतले, आणि तिथल्या मतदाराच्या हातातलं मतही गेलं, नोटाही गेला. यावर पक्षांची भूमिका आपल्या सोयीनं बदलत राहिली. जिथे आपला बिनविरोध, तिथे ‘विकासाला पसंती’. जिथे त्यांचा, तिथे लोकशाहीची हत्या. दोन्ही ठिकाणी एकच नियम लावून बोलणारा आवाज पक्षाबाहेरूनच यावा लागतो.

आता पक्षांवर सोडा म्हणणाऱ्यांना मी एका इतिहासाची आठवण करून देतो. हा इतिहास मराठी वाचकांच्या दृष्टीआड झाला आहे आणि माझ्या मते या वादाचा निकाल त्यातच आहे. १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएममधल्या काही प्राध्यापकांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. त्यांच्यात त्रिलोचन शास्त्री होते, जगदीप छोकर होते. मागणी एवढीच की उमेदवारावर कोणते फौजदारी खटले आहेत ते मतदाराला कळावं. आज ही मागणी वादाची वाटतच नाही. उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २००० मध्ये ती मान्य केली, तर केंद्र सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मतदाराचा जाणण्याचा अधिकार हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे. खटले, मालमत्ता, देणी, शिक्षण, सगळं उमेदवारानं शपथेवर जाहीर करावं. मग काय झालं? जुलै २००२ मध्ये सर्वपक्षीय बैठक झाली आणि एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे पक्ष या एका मुद्द्यावर एकत्र आले: हे होऊ द्यायचं नाही. अध्यादेश तयार झाला. राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी तो परत पाठवला. मंत्रिमंडळानं तो पुन्हा पाठवला, आणि दुसऱ्यांदा आल्यावर घटनेप्रमाणे राष्ट्रपतींना सही करावीच लागली. पुढे तोच आशय लोकप्रतिनिधित्व कायद्यात ‘३३ ब’ म्हणून घातला गेला. न्यायालय काहीही म्हणो, कायद्यात सांगितलंय त्यापेक्षा जास्त माहिती देण्याचं बंधन उमेदवारावर नाही, असं ते कलम म्हणत होतं. बिगरपक्षीय संघटना पुन्हा न्यायालयात गेल्या. १३ मार्च २००३ ला ते कलम घटनाबाह्य ठरलं, आणि तेव्हापासून आपल्या हाती प्रतिज्ञापत्र आहे.

हा एकच प्रसंग नाही. केंद्रीय माहिती आयोगानं जून २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकार कायद्याखाली आणलं. पक्षांनी तो आदेश आजवर पाळलेला नाही, आणि त्यात डावे-उजवे असा भेद नाही. निवडणूक रोखे १५ फेब्रुवारी २०२४ ला रद्द झाले, त्या खटल्यातही पुढाकार अशाच संघटनांचा होता. तिथे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष याचिकाकर्ता म्हणून उभा राहिला, हे मी मुद्दाम सांगतो, कारण ते त्या पक्षाला भूषणावह आहे. पण एकूण हिशेब असा की मतदाराला माहिती मिळवून देणारी जी जी दारं गेल्या पंचवीस वर्षांत उघडली, ती बहुतेक पक्षांच्या इच्छेविरुद्ध उघडली. पक्षात जाऊन हे काम करा म्हणणाऱ्यानं मला दाखवावं की कोणत्या पक्षात जाऊन हे झालं असतं.

इथे प्रतिपक्षाचा सगळ्यात टोकदार प्रश्न येतो: माहिती मिळून फरक काय पडला? या प्राध्यापकांच्या ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ (एडीआर) या संस्थेच्याच आकडेवारीनुसार फौजदारी खटले असलेले खासदार २००४ मध्ये २४ टक्के होते, २०२४ मध्ये ४६ टक्के. माहिती वाढली, गुन्हेही वाढले. मग तुमची पत्रकं कशाला?

हा प्रश्न टाळता येणार नाही. प्रतिज्ञापत्रामुळे राजकारण स्वच्छ झालं, असं म्हणणं खोटं होईल. पण प्रतिज्ञापत्र संकेतस्थळावर चढलं म्हणजे मतदाराला माहिती मिळाली, असं म्हणणंही तितकंच खोटं आहे. ते प्रतिज्ञापत्र एकदा उघडून पाहा. पानंच्या पानं, स्कॅन केलेली, हातानं भरलेली, कलमांचे नुसते आकडे. त्यातून मतदारानं काय समजायचं? भारतीय दंड संहितेचं कलम १४३ म्हणजे बेकायदा जमाव, १८८ म्हणजे सरकारी आदेशाचा भंग. पाण्यासाठी मोर्चा काढणाऱ्या, रस्ता रोखणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक कार्यकर्त्यावर ही कलमं लागलेली असतात. ३०७ म्हणजे खुनाचा प्रयत्न, ३८४ म्हणजे खंडणी. ‘पाच खटले’ हा नुसता आकडा छापला तर आंदोलनातला माणूस आणि खंडणीबहाद्दर एका रांगेत उभे राहतात. कित्येकदा आंदोलनातलाच हरतो, कारण त्याच्यावर खटले जास्त असतात. २०२३ चा नवा कायदा आल्यापासून कलमांचे आकडेही बदलले, म्हणजे गोंधळात भर. खटला कोणत्या वर्षीचा, आरोप निश्चित झालेत का, गुन्हा अंगावर घेतलेला आहे की अंगाशी आलेला, हे समजावून सांगायचं तर कुणीतरी बसून प्रत्येक प्रभागाच्या प्रत्येक उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचलं पाहिजे. पक्ष हे करेल का? करेल, समोरच्याचं. आपल्याचं झाकून.

सर्वोच्च न्यायालयानं १३ फेब्रुवारी २०२० ला आणखी एक पाऊल टाकलं. खटले असलेल्या माणसाला तिकीट का दिलं, दुसरा स्वच्छ माणूस का मिळाला नाही, याची कारणं पक्षांनी प्रसिद्ध करावीत. ‘निवडून येण्याची क्षमता’ हे एकटं कारण चालणार नाही. पक्ष आता कारणं देतात. ‘समाजकार्यामुळे लोकप्रिय’, ‘खटले राजकीय सूडातून’ अशा ठोकळेबाज ओळी लिहून मोकळे होतात. त्या ओळी वाचून, त्यांवर बोट ठेवून, उमेदवाराला त्याच्याच मतदारांसमोर विचारणारं कुणी नसेल तर न्यायालयाचा आदेश कागदावरच राहणार. कायदा दिल्लीत जिंकता येतो. त्याचा उपयोग मात्र प्रभागातच करावा लागतो, आणि तिथे आपण फार कमी पडलो आहोत. आकडा २४ वरून ४६ वर गेला याचा मी लावतो तो अर्थ हा आहे. हे काम बंद करा असा अर्थ त्यातून कसा निघतो, मला समजत नाही.

आता तटस्थतेकडे. मित्र म्हणतात, तटस्थ असं काही नसतं. पण या गटांचा दावा मूल्यांबाबत तटस्थ असण्याचा नाहीच. दावा पक्षांबाबत तटस्थ असण्याचा आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी फार पूर्वी दाखवून दिलं. गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी महिलांचं मतदान होतं, उभी बाटली की आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तरच दुकान बंद. म्हणजे जी बाई घरी राहिली तिचं मत आपोआप दुकानाच्या पारड्यात. म्हणून बचत गटातल्या बायका दारोदार फिरतात, यादी हातात घेऊन, आणि त्या यादीत काँग्रेसवाली, भाजपवाली, सेनावाली, राष्ट्रवादीवाली सगळ्या असतात. नवऱ्याचा मार, दुकानदाराची धमकी, गावपुढाऱ्याचा राग पत्करून फिरतात. याला कुणी तटस्थ म्हणेल? याला कुणी अराजकीय म्हणेल? गडचिरोलीत ‘मुक्तिपथ’ या व्यसनमुक्तीच्या अभियानानं दारूमुक्त निवडणुकीचा आग्रह धरला, गावांनी ठराव केले, उमेदवारांकडून वचन घेतलं. तेही याच जातीचं काम. भूमिका ठाम, आणि तीच कसोटी सगळ्या पक्षांना.

बिगरपक्षीय म्हणवणारे सगळेच खरे नसतात, हे मान्य. ‘शहर विकास आघाडी’ आणि ‘ग्रामविकास पॅनेल’ ही नावं आपण वर्षानुवर्षं पाहतो. नावात पक्ष नसतो, मागे कोणता वाडा आहे हे गावातल्या पोरालाही माहीत असतं. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही म्हणून ती बिगरपक्षीय होत नाही. काही नागरिक मंच सत्ताधाऱ्यांच्या चार कार्यक्रमांत पहिल्या रांगेत बसतात आणि मतदान जवळ आलं की ‘सुजाण’ मतदारांना आवाहन करतात. अशांवर टीका व्हायलाच हवी, आणि ती सर्वांत आधी खऱ्या गटांनी करायला हवी.

याहून नाजूक प्रश्न उमेदवार उभा करण्याचा आहे. मुंबईत २००७ मध्ये जुहूच्या रहिवाशांनी आपला उमेदवार उभा केला आणि ॲडॉल्फ डिसूझा नगरसेवक झाले. त्या विजयानं अनेकांना हुरूप आला. २०१२ मध्ये ठिकठिकाणी नागरी उमेदवार उभे राहिले आणि जवळजवळ सगळे पडले. उमेदवार उभा करणं वाईट नाही, तो प्रत्येकाचा हक्क आहे. पण ज्या दिवशी गटानं उमेदवार उभा केला, त्या दिवसापासून त्याच्याही यादीवर ‘आपला’, ‘त्यांचा’ अशा खुणा सुरू होतात. तो एक छोटा पक्ष झाला, आणि त्यानं तसं जाहीर करून मतदार-जागृतीच्या कामातून बाजूला व्हावं. दोन्ही कामं एकाच तोंडानं होत नाहीत. इथे मी टीकाकारांच्या बाजूनं आहे.

हे पांढरपेशांचं काम आहे, या आरोपाबाबतही अर्धं त्यांचं बरोबर आहे. ‘बोटाची शाई दाखवा, बिलात सूट मिळवा’ या मोहिमेनं कुणाचंही भलं होत नाही. नुसतं ‘मतदान करा’ म्हणणं पोकळ आहे, आणि ते चुकीच्या दारात म्हटलं जातं. नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झालं. कोल्हापूरच्या करवीरमध्ये ८५ टक्क्यांच्या घरात, मुंबईच्या कुलाब्यात ४५ टक्क्यांच्या आत. शेतकऱ्याला, मजुराला मतदानाचं महत्त्व शिकवायला जाण्याची गरज नाही, तो रांगेत उभाच आहे. त्याला वेगळी मदत हवी. ऊसतोड कामगार दिवाळीनंतर गाव सोडतो आणि एप्रिलपर्यंत कारखान्याच्या फडावर असतो. २०१७ मध्ये जिल्हा परिषदांचं मतदान फेब्रुवारीत झालं, ऐन गळीत हंगामात. त्याला सैनिकासारखी टपाली मताची सोय नाही. मुकादमाची परवानगी, गाडीभाडं आणि बुडालेला रोज, एवढं सोसून तो गावी येतो, किंवा कुणीतरी गाडी पाठवतं आणि मग त्या गाडीची किंमत मतानं फेडावी लागते. सुशिक्षित वस्त्यांतल्या गटांनी आपला वेळ आणि आपलं कागदपत्रांचं ज्ञान इथे खर्चायला हवं. टीकाकार म्हणतात, हे गट वस्तीत जात नाहीत म्हणून ते नकोत. मी म्हणतो, म्हणूनच ते वस्तीत गेले पाहिजेत, आणि वस्तीतल्या बायकापोरांनी आपले स्वतःचे गट काढले पाहिजेत.

‘निवडणुकीपुरते उगवतात’ या वाक्याला मात्र माझा साफ नकार आहे. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षं या शहरांत एकही नगरसेवक नव्हता. हजारो कोटींचं अंदाजपत्रक प्रशासकानं मांडायचं आणि प्रशासकानंच मंजूर करायचं. राज्यातल्या प्रत्येक मोठ्या पक्षानं या काळात सत्ता भोगली, आणि निवडणुका घ्या म्हणून कुणीही जिवाचं रान केलं नाही. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुदत घालून दिली. ती चार वर्षं माहिती अधिकाराचे अर्ज करून रस्त्यांचे, नाल्यांचे, निविदांचे हिशेब मागत राहिली ती पक्षाबाहेरची माणसं. मुंबईत ‘प्रजा फाउंडेशन’ वर्षानुवर्षं नगरसेवकांची आणि आमदारांची हजेरी व प्रश्न मोजत आलंय. ‘अग्नी’ या मुंबईतल्या नागरी संघटनेत जर्सन दा कुन्हा यांच्यासारखा रंगकर्मी आणि द. म. सुखठणकर यांच्यासारखा निवृत्त मुख्य सचिव वॉर्डाच्या पातळीवर नागरिकांना संघटित करत राहिले. त्यांच्या पद्धतीवर मतभेद असू शकतात. ते मतदानापुरते उगवले, असं कुणी म्हणू नये.

अशा गटांकडून काही गोष्टी हक्कानं मागाव्यात. पदाधिकाऱ्याचं कोणत्याही पक्षात पद नसावं आणि असेल तर त्यानं राजीनामा द्यावा. पैसा कुठून येतो ते दरवर्षी जाहीर व्हावं; पक्षाकडे आपण जो हिशेब मागतो तो आधी आपला द्यावा. उमेदवारांच्या सभेचं निमंत्रण शेवटच्या अपक्षापर्यंत गेलं पाहिजे, आणि जो आला नाही त्याची खुर्ची मंचावर रिकामी दिसली पाहिजे. कुणाला मत द्यावं हे कधीही सांगू नये, मतदारानं आग्रह करून विचारलं तरीही. हे नियम पाळणं अवघड आहे, विशेषतः ज्या वर्षी एखादा उमेदवार आपल्याला मनापासून नको असतो त्या वर्षी.

माझ्या पक्षातल्या मित्रांना सांगणं एवढंच, की या गटांना शत्रू समजू नका. तुमच्यातला जो कार्यकर्ता वीस वर्षं सतरंज्या उचलतो आणि ऐनवेळी बाहेरून आलेल्या पैसेवाल्यासाठी तिकीट गमावतो, त्याला माहितीवर मत देणारा मतदारच वाचवू शकतो. आणि वाचकांना विनंती: मतदार नोंदणीसाठी वर्षात आता चार अर्हता दिनांक आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. सतरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलामुलींना आगाऊ अर्ज करता येतो. पुढची तारीख येण्याआधी आपल्या इमारतीची, आपल्या गल्लीची यादी मिळवा, शेजारच्या दोघांना बरोबर घ्या आणि ती पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत वाचा. ज्याचं नाव राहिलंय त्याच्याकडून अर्ज भरून घ्या, आणि तो मत कुणाला देणार हे त्याला विचारू नका.